जावईबापूंची काडतुसं

ब्रेकी घराण्याच्या शिकारीच्या तंबूत एक साधा नियम आहे. ज्यानं अजून मोठं नर जनावर पाडलेलं नाही, त्यानं उभ्यानं जेवायचं. टेबलापाशी नाही, ओंडक्यावर नाही, उलट्या बादलीवरही नाही. चुलीच्या बाजूला, हातात ताट धरून. माझा मामेभाऊ मर्ल लहानपणी एक हंगाम उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी बसला. मी दोन हंगाम उभा होतो. मामाचा जावई वेंडेल नऊ हंगाम उभ्यानं जेवला. त्यातून त्याला कडक पोटऱ्या आणि एका हातानं मांस कापण्याची कला एवढंच मिळालं.

दुसरा नियम खुर्चीचा. ज्याच्या नावावर सगळ्यात मोठं जनावर, त्यानं खुर्चीत बसायचं, आणि नियम करायचा किंवा बदलायचा तो त्यानंच. ही खुर्ची न्हाव्याची आहे. लाल चामड्याची, लोखंडी हातांची, दांडी ओढली की वर जाणारी आणि बुडाशी गरगर फिरणारी. स्लेट क्रीकमधलं न्हाव्याचं दुकान बंद पडलं तेव्हा आजोबांनी ती उचलून आणली. तेव्हापासून दर ऑक्टोबरमध्ये आम्ही तिला ट्रकमागच्या गाडीत घालून डोंगरात नेतो आणि तंबूसमोर चार खुंट्या ठोकून जमिनीत पक्की करतो. मोंटानातली बाकीची माणसं डोंगरात हलकं सामान नेतात.

मी जन्माला यायच्या आधीपासून त्या खुर्चीत लाइलमामा बसत आलाय. त्यानं कधीतरी एक एल्क, म्हणजे फाटेदार शिंगांचं मोठं हरीण, मारला होता. तो एल्क दरवर्षी थोडा वाढतो.

वेंडेलनं नऊ वर्षांत काही का मारलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. कुणी कुठे दबा धरायचा हे मामा ठरवतो, आणि वेंडेलला त्यानं दरवर्षी अशा जागी पाठवलं जिथून फक्त हायवे दिसतो. चौथ्या वर्षी एक वाट चुकलेला एल्क तिथेही आला. वेंडेलची गोळी त्याच्या कानाला चाटून गेली, आणि तिथे तिसरा नियम लागू झाला. रक्त सांडलं की परवाना संपला. जनावर सापडो न सापडो, ते तुमचं, दुसऱ्यावर गोळी झाडायची नाही. मामानं दुर्बिणीतून कानावर एक थेंब पाहिला. आम्हा कुणाला तो दिसला नाही, पण दुर्बीण मामाकडे होती. वेंडेलनं उरलेला हंगाम भांडी घासली.

वेंडेल प्रुइट शाळेत बँड शिकवतो. ट्रॉम्बोन, तुतारी, ढोल. अंगानं उंच, आवाजानं मऊ. टेबलाला धक्का लागला तर टेबलाची माफी मागणारा माणूस. मामा त्याला 'जावईबापू' म्हणतो, आणि म्हणताना टोपी काढतो. नऊ वर्षांत मामानं त्याला नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. वेंडेल कधी रागावला नाही. त्याला फक्त बसायचं होतं. एकदा बायकोनं, म्हणजे मामाच्या मुलीनं, इंगानं, त्याला विचारलं की या लोकांबरोबर जातोसच कशाला, तर तो म्हणाला की एकदा बसलो की जायचं थांबवेन.

मग त्याला मूसचा परवाना लागला.

मूसचा परवाना सोडतीत निघतो आणि बहुतेकांच्या हयातीत निघत नाही. मामा तरुणपणापासून दरवर्षी अर्ज भरत होता. वेंडेलनं तर अर्जही स्वतः भरला नव्हता. इंगा संगणकावर गाडीचं काहीतरी भरत होती, तर जाता जाता तिनं नवऱ्याचं नाव टाकून दिलं. निकाल लागला त्या रविवारी आम्ही सगळे मामाच्या घरी जेवायला होतो. वेंडेलनं बातमी सांगितली. मामानं समोरचा चेरीचा केक स्वतःकडे ओढला, अख्खा संपवला, चमचा चाटला आणि अभिनंदन केलं.

कारण मूस म्हणजे हरणांतलं सगळ्यात मोठं जनावर, आणि नर मूस कुठल्याही एल्कपेक्षा मोठा असतो. वाढलेल्या एल्कपेक्षासुद्धा. वेंडेलनं मूस पाडला की तो नुसता बसणार नव्हता, खुर्चीत बसणार होता. हे टेबलावरच्या सगळ्यांना एकदम कळलं. वेंडेलला गाडीत, घरी जाताना.

त्या उन्हाळ्यात वेंडेलनं काडतुसं निवडली.

आमच्या घरातल्या सगळ्या रायफली एकाच मापाच्या, थर्टी-ऑट-सिक्स, कारण आजोबांना वेगवेगळी काडतुसं विकत घेणं म्हणजे उधळपट्टी वाटे. मामाचं शास्त्रही आजोबांचंच. हिरव्या डब्यातली घ्यायची, दुकानात जी पुढे असतील ती. वेंडेल मात्र व्होंडाच्या दुकानात गेला, तिथे गळाला लावायच्या अळ्यांच्या फ्रीजशेजारी काडतुसांचं कपाट आहे, आणि त्यानं तिला विचारलं की मूससाठी काय घ्यावं. हा प्रश्न आमच्या गावात मोठ्यानं विचारायचा नसतो. दुकानात तीन माणसं होती. त्यांची सहा मतं पडली. त्यातले दोघे चुलतभाऊ होते, ते अजून बोलत नाहीत एकमेकांशी.

"हरणाच्या गोळीनं मूस मरतो का?" वेंडेलनं विचारलं.

"मरतो की," व्होंडा म्हणाली. "त्याच्या सवडीनं."

तिनं त्याला समजावून सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. डब्यावर गोळीचं वजन ग्रेनमध्ये लिहिलेलं असतं. एकशे पंचवीसची गोळी हलकी, वेगवान, कवच पातळ. कोल्ह्याएवढ्या जनावरावर मारली तर ती आत जाऊन फुटते. मूसच्या खांद्यावर मारली तर बाहेरच फुटते, मूसला राग येतो. एकशे ऐंशीची जड, तिचं तांब्याचं कवच आतल्या शिशाला घट्ट धरून असतं. ती हाड फोडून सरळ पुढे जाते. पण एकशे ऐंशीची चार कंपन्यांची चार असतात, आणि त्यातली कुठली चालेल हे माणूस नाही, रायफल ठरवते.

वेंडेलनं चारही डबे घेतले. खडीच्या खाणीत कागद लावून तो शनिवार-रविवार नेम साधत बसला. एका डब्यातल्या गोळ्या कागदावर विखुरल्या, दुसऱ्यातल्या डावीकडे गेल्या, तिसऱ्यातल्या देवाला ठाऊक कुठे गेल्या. चौथ्या डब्यातल्या तीन गोळ्यांनी कागदाला एकच भोक पाडलं, तीन दलांच्या क्लोव्हरच्या पानासारखं. तो कागद त्यानं घरी फ्रीजवर लावला. आमच्याकडे फ्रीजवर पोरांची चित्रं लावतात. वेंडेलला पोरं नाहीत, त्यामुळे कुणी काही म्हटलं नाही. मामा सोडून.

मामा त्या फ्रीजसमोर बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, "सुंदर. पण जावईबापू, मूसला वाचता येत नाही. डब्यावर काय लिहिलंय हे त्याला कोण सांगणार?"

सगळे हसले. मीही हसलो. मामा बोलला की हसायचं, हा लिहिलेला नियम नाही, पण मोडलेला मी पाहिलेला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही चौघं वर गेलो. मामा, मर्ल, वेंडेल आणि मी. शिवाय मामाचा कुत्रा डीकन. तंबू लागला, खुर्ची लागली. पहिल्या संध्याकाळी मामानं जाहीर केलं की उद्या जावईबापू हायवेला नाही, खाली ओढ्याकाठच्या दलदलीशी बसतील. तिथे वाळुंजाची दाट झुडपं आहेत, ती मूसला केकसारखी लागतात. आमच्या टापूतली ती सगळ्यात चांगली जागा. वेंडेलचे डोळे भरून आले. त्यानं मामाचा हात हातात घेतला. मामानं तो घेऊ दिला.

मधे काय झालं होतं ते इथेच सांगतो, म्हणजे गोंधळ नको. त्याच दिवशी दुपारी वेंडेल लाकडं फोडायला गेला असताना मामानं त्याच्या डब्यातली एकशे ऐंशीची सगळी काडतुसं काढली आणि त्याच कंपनीची एकशे पंचवीसची भरली. पितळ तेच, टोकाचं शिसं तसंच बोथट. डबा तोच. हे मामानं पुढे स्वतःच्या तोंडानं सांगितलं, बऱ्यापैकी तपशिलात. त्याचा हिशेब चोख होता. हलकी गोळी खांद्यावर फुटेल, थोडं रक्त सांडेल, मूस डोंगर ओलांडून निघून जाईल. रक्त सांडलं की परवाना संपला. शिंगं छावणीत आली नाहीत तर जनावर मोजायचं नाही, हाही नियम होताच. वेंडेल मरेपर्यंत उभा.

एक गोष्ट मामा विसरला. त्याचाच एक जुना नियम होता, पोरांची गंमत करायला काढलेला. खाणीत तपासलेलं एक काडतूस सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवायचं आणि हंगाम संपेपर्यंत बाहेर काढायचं नाही. झोपतानासुद्धा. मर्लनं ते एक दिवस केलं होतं. मी केलंच नाही. वेंडेल नऊ वर्षं करत होता.

सकाळी मी वेंडेलबरोबर ओढ्याकाठी बसलो. उजाडता उजाडता झुडपं हलली आणि मूस बाहेर आला. मूस दिसायला जनावरासारखा नसतोच. घोडा करायला घेतला आणि मधे कुणाला तरी फोन आला, असं काहीतरी ते असतं. शिंगं मात्र दोन फावड्यांसारखी, रुंद. तो आडवा उभा राहिला आणि चरू लागला. वेंडेलनं श्वास सोडला आणि अतिशय व्यवस्थित गोळी झाडली.

गोळी खांद्यावर लागलेली मला दिसली. धुळीचा एक फुगा उठला. मूसनं मान वळवून खांद्याकडे पाहिलं, रांगेत मागच्यानं धक्का दिल्यावर माणूस बघतो तसं, आणि झुडपात निघून गेला. दुसरी गोळी झाडायला जागाच राहिली नाही.

आम्ही तिथे गेलो. थोडे केस, गवतावर थोडं रक्त, आणि चॉकलेटच्या कागदाइतका पातळ तांब्याचा एक तुकडा. वेंडेलनं तो बोटांत धरून उजेडाकडे केला. बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं तो उजव्या खिशात ठेवला.

तोवर आवाज ऐकून मामा आणि मर्ल आले. मामानं गवताकडे बोट दाखवलं.

"रक्त," तो म्हणाला, आणि टोपी काढली.

जखमी जनावरामागे लगेच जायचं नसतं. तासभर थांबायचं, म्हणजे ते कुठेतरी बसतं, अंग आखडतं, मग माग काढायचा. तेव्हा आम्ही छावणीत परतलो. शिस्तीप्रमाणे मर्लनं, मी आणि मामानं आपापल्या रायफलींचे बोल्ट काढून लोखंडी पेटीत ठेवले. बोल्ट काढला की रायफल म्हणजे काठी. पेटीला कुलूप, किल्ली मामाच्या पँटच्या खिशात. हाही मामाचाच नियम, छावणीत अपघात नको म्हणून. पेटीत कप्पे फक्त बसणाऱ्यांसाठी आहेत. उभ्यानं जेवणाऱ्याचा बोल्ट त्याच्याकडेच राहतो, त्यानं काय बिघडणार आहे.

मामा खुर्चीत बसला. डीकन त्याच्या पायाशी. मर्लनं पॅनकेक केले, बेकन तळलं. वेंडेल ताट घेऊन उभा राहिला, खाऊन झाल्यावर इंगाचा कोंबड्यांचं चित्र असलेला एप्रन बांधून भांडी घासायला लागला. रायफल त्यानं भांड्यांच्या टेबलाला टेकवून ठेवली होती.

मामा खुशीत होता. तो खुर्ची हळूहळू इकडून तिकडे फिरवत बोलत होता. म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका, गोळी निवडण्यात माणूस चुकतो. म्हणाला, हिरवा डबा घेतला असता तर आत्ता इथे शिंगं असती. मग त्यानं कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला की पुढच्या वर्षी आपण जावईबापूंसाठी एक उंच टेबल करू या, छातीएवढं. आयुष्यभराचा प्रश्न आहे, माणसाची सोय बघायला हवी.

मर्ल हसला. मीही थोडा हसलो. वेंडेल तवा घासत होता, एकाच जागी.

डीकन मघाशीच कुठेतरी गेला होता, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ओढ्याकडून त्याचं भुंकणं ऐकू आलं. मग एकदा कुईकुई. मग भुंकणं जवळ येऊ लागलं.

मूसला कुत्रा म्हणजे लांडगा वाटतो. खांदा ठणकत असला तर जास्तच वाटतो. आणि घाबरलेला कुत्रा पळतो तो मालकाकडेच. डीकन झाडांतून गोळीसारखा सुटून आला, सरळ खुर्चीखाली घुसला. त्याच्यामागून मूस आला.

शिंगं छावणीत आली पाहिजेत असा नियम होता. आली.

मूसनं खुर्चीला धडक दिली. खुंट्या पक्क्या होत्या, म्हणून खुर्ची पडली नाही, फिरली. मामा पूर्ण एक फेरी मारून, हातात कॉफी तशीच धरून, पुन्हा मूसच्या समोर आला. मूसला हे अपेक्षित नसावं. त्यानं दुसरी धडक दिली, तेव्हा शिंगाचं एक फावडं मामाच्या मांडीवरून पलीकडे गेलं आणि त्याची टोकं खुर्चीच्या लोखंडी हातात अडकली. आता मूसला मागे जाता येईना आणि मामाला कुठेच जाता येईना. दोघांची तोंडं वीतभर अंतरावर होती. मूस त्याच्या चेहऱ्यावर श्वास सोडत होता, आणि अधूनमधून ढकलत होता.

मर्लनं रायफल उचलली आणि मग त्याला आठवलं की ती काठी आहे. "किल्ली, पप्पा," तो म्हणाला. मामानं खाली पाहिलं. किल्लीच्या खिशावर मूसचं शिंग होतं.

वेंडेलनं हात एप्रनला पुसले. मग रायफल घेतली, जवळ आला, बाजूला उभा राहून नेम धरला.

"मामा, डोकं जरा मागे घ्या."

"नको," मामा म्हणाला. "त्या नको मारूस."

"कुठल्या?"

"त्यातल्या. फुटतात त्या. माझ्या तोंडावर फुटतील."

वेंडेलनं रायफल खाली केली. "एकशे ऐंशीच्या आहेत मामा. मी स्वतः भरल्यात. उन्हाळाभर बघितलंय, या फुटत नाहीत."

मूसनं ढकललं. काहीतरी करकरलं. खुर्ची की मामा, ते कळलं नाही.

"त्या नाहीयेत त्या," मामा म्हणाला.

"मग कुठल्या आहेत?"

वर्गात एखाद्या पोराच्या हातून सूर निसटला की वेंडेल असाच विचारत असणार. चिडून नाही. सूर परत मिळेपर्यंत.

"एकशे पंचवीसच्या."

"त्या माझ्या डब्यात कशा गेल्या?"

"मी घातल्या."

"पूर्ण वाक्यात सांगा, मामा. मर्लला ऐकू गेलं नसेल."

"गेलं," मर्ल म्हणाला.

"तरी."

तेव्हा मामानं पूर्ण वाक्यात सांगितलं. लाकडं फोडायला तो गेला होता तेव्हाचं, डब्याचं, रक्ताच्या नियमाचा काय उपयोग करायचा होता त्याचं. मधेमधे मूस ढकलत होता, तेव्हा त्याला थांबावं लागायचं, आणि वेंडेल म्हणायचा, पुन्हा, सुरुवातीपासून. दोनदा असं झालं. मर्ल मधे पडायला निघाला, तर वेंडेलनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. बँडमधल्या पोरांना ते बघणं माहीत असेल. मर्ल थांबला. मी कॉफीचा कप धरून उभा होतो. तो खाली ठेवायला जागा होती, पण मला सुचलं नाही.

सगळं सांगून झाल्यावर वेंडेलनं विचारलं, "मग या कामाला तुम्ही कुठली सुचवाल?"

"एकशे ऐंशी."

"हिरवा डबा नाही?"

"नाही."

"पण मूसला वाचता येत नाही म्हणालात."

"वेंडेल," मामा म्हणाला.

नऊ वर्षांत पहिल्यांदा. वेंडेलनं मान हलवली, पोच दिल्यासारखी. मग त्यानं एप्रनच्या आतून सदऱ्याच्या डाव्या खिशात हात घातला आणि एक काडतूस वर काढलं, अर्धंच.

"माझ्याकडे एक आहे. खाणीतलं. पण हंगाम संपेपर्यंत हे काढायचं नाही असा नियम आहे. आणि नियम खुर्चीतला माणूसच बदलू शकतो."

"बदलला," मामा म्हणाला.

काडतूस बाहेर आलं. "आणि रक्ताचा?"

"तोही बदलला. मार आता."

"आणि उभ्यानं जेवण्याचा?"

मामानं हातातल्या कपाकडे पाहिलं.

मला वाटलं होतं तो लगेच हो म्हणेल. मर्ललाही वाटलं असावं, कारण तो म्हणाला, पप्पा, हो म्हणून टाका की. मामाच्या कपाळावर घाम होता, नाकात मूसचा श्वास जात होता, मांडीवर अर्ध्या टनाचं जनावर टेकलं होतं. तो वेंडेलकडे बघत राहिला. वेंडेल काडतूस बोटांत धरून वाट बघत राहिला, त्याला अजिबात घाई नव्हती.

"तो नियम माझ्या बापाचा आहे," मामा म्हणाला. "तो नाही बदलणार."

मूसनं ढकललं, आणि यावेळी करकरलं ते खुर्चीतलं नव्हतं. मामा ओरडला नाही. त्याच्या तोंडातून हवा गेल्यासारखा आवाज झाला आणि कप हातातून पडला.

"ठीक आहे," वेंडेल म्हणाला. "मग तो राहू दे."

त्यानं रायफलीतली दोन काडतुसं काढून टेबलावर धुतलेल्या ताटांशेजारी नीट उभी करून ठेवली. खिशातलं भरलं. मूसच्या कानामागे नळी नेली, मामाला पुन्हा डोकं मागे घ्यायला सांगितलं, आणि झाडली.

एकशे ऐंशीची गोळी खरोखर फुटत नाही. मूस जागच्या जागी खाली बसला. दुर्दैवानं ती जागा मामाची होती.

त्याला बाहेर काढायला आम्हाला ट्रक आणि दोर लावावा लागला. हेलिकॉप्टर दुपारी आलं. त्याला स्ट्रेचरवर चढवताना वेंडेल जवळ गेला, एप्रन अजून अंगावर होता, आणि त्यानं मामाच्या खिशातून पेटीची किल्ली काढून घेतली. मग आम्ही तिघं मूस सोलायला बसलो. म्हणजे मर्ल आणि मी सोलायला. वेंडेल खुर्चीत बसला. तिचा एक हात तुटला होता आणि ती जरा तिरकी झाली होती, पण फिरत होती. तो बराच वेळ फिरला.

मामाचं कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं. डॉक्टरांनी पट्ट्या आणि खिळे घालून ते जुळवलं, आणि तो आता चालतो, चाकांच्या वॉकरचा आधार घेऊन. झोपू शकतो, उभा राहू शकतो. बसता मात्र येत नाही. बसला की खिळे टोचतात. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहणार.

मला वाटलं होतं वेंडेल जायचं थांबवेल. एकदा बसलो की थांबेन, असं तोच म्हणाला होता. यंदा ऑक्टोबरमध्ये सगळ्यांत आधी त्याचाच फोन आला, खुर्चीचा हात जोडून आणलाय का म्हणून.

मामाही आला. येऊ नको असं त्याला इंगानं सांगितलं, मर्लनं सांगितलं. पण ब्रेकी माणूस ऑक्टोबरमध्ये घरी राहत नाही. पहिल्या संध्याकाळी आम्ही मूसचं मांस आणि बटाटे केले. मर्ल बसला, मी बसलो, वेंडेल खुर्चीत बसला. मामा चुलीशेजारी उभा राहिला, एक हात वॉकरवर, एका हातात ताट. एका हातानं मांस कापायला त्याला जमेना. वेंडेलनं ते पाहिलं.

"हळूहळू जमतं, सासरेबुवा," तो म्हणाला, आणि टोपी काढली.

मर्ल हसला. मीही हसलो.

जेवण झाल्यावर वेंडेलनं उद्याच्या जागा वाटल्या. मर्लला खिंड, मला ओढा. मामाला त्यानं हायवे दिसणाऱ्या जागेवर दिलं, तिथवर ट्रक जातो, सोयीचं पडेल म्हणाला. मग खुर्चीखालून काडतुसांचा एक नवा डबा काढला आणि उठून स्वतः मामाच्या हातात नेऊन दिला. एकशे पंचवीसचा.

"हलकी आहेत," तो म्हणाला. "रायफलीचा धक्का बसत नाही. तुमच्या हाडांचा विचार केला."

मामानं ताट चुलीच्या कडेवर ठेवलं, डबा उलटा करून वजन वाचलं, आणि आभार मानले.